दुखण्याचे टक्के: परभणी जिल्ह्यातले पाच दिवस

साताऱ्याहून परभणीला निघाले तेव्हा कचेरीतल्या बायकांनी विचारलं, “तिकडे काय आहे बघायला?” परत आल्यावरही त्यांनी तेच विचारलं. मी चारठाण्याच्या देवळांबद्दल आणि येलदरीच्या पाण्याबद्दल चार वाक्यं सांगून विषय संपवला. जे सांगितलं नाही ते इथे लिहिते आहे.

मी टायपिस्ट आहे. आठ वर्षांपासून माझी पाठ दुखते. कमरेच्या वर उजवीकडे सुरू होतं आणि मांडीपर्यंत उतरतं. मी कुठे पडले नाही, अपघात झाला नाही. “एक्स-रेच्या फोटोत काहीच नाही” हे वाक्य मी आजवर पाच डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं आहे. कचेरीत मी पाठ टेकता येईल अशी खुर्ची आणि दुपारी पंधरा मिनिटं आडवं व्हायची सवलत मागितली. साहेब म्हणाले, “अपंगत्वाचा दाखला आणा, मग बघू.” त्यांना ठाऊक होतं, मला तो कुणी देणार नाही.

अशात शकुंतलेचं पत्र आलं. आम्ही औरंगाबादला कॉलेजात एका बाकावर बसायचो. तिला लहानपणी पोलिओ झाला, उजवा पाय वाळलेला, काखेत कुबडी. आता ती ताडकळसला प्राथमिक शाळेत शिकवते, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चांत जाते आणि गावोगावच्या अपंगांचे अर्ज भरून देते. तिनं लिहिलं होतं, “जिंतूरला अपंग तपासणीचं शिबिर हाय. हाडांचे मोठे डॉक्टर बाहेरून यायलेत. तुझी पाठ दाखवू. त्या निमित्तानं आमचा मुलूखही बघ.”

मी गेले ते त्या डॉक्टरांसाठी. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. माझी पाठ दुखायला लागल्यापासून मला शकूचा हेवा वाटतो. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. वाळलेल्या पायाचा कुणी हेवा करतं का? पण ती दारातून आत आली की लोकांना सगळं कळतं. मला मात्र रोज नव्यानं सांगावं लागतं, आणि सांगितल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जो संशय येतो तो रोज नव्यानं बघावा लागतो.

परभणीहून ताडकळस

परभणीच्या बसस्थानकावर शकू न्यायला आली होती. भिंतीवर निळ्या अक्षरांत ‘नामांतर झालेच पाहिजे’ लिहिलेलं, आणि त्यावर कुणीतरी चुन्याचा हात मारलेला. चुन्याखालून अक्षरं दिसतच होती. बाजाराचा दिवस, बस तुडुंब. शकूला बघताच कंडक्टर ओरडला, “बाईंना जागा द्या!” दोघं जण झटकन उठले. एका जागेवर ती बसली, शेजारी मला ओढून बसवलं.

पुढच्या थांब्यावर धोतरातले एक म्हातारे चढले. ते माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “तुमी उठा की बाई. तुमी तर धडधाकट हायत.”

“त्यांची पाठ दुखती, बाबा,” शकू म्हणाली.

म्हाताऱ्यांनी मला नीट न्याहाळलं. “माझीबी दुखती,” ते म्हणाले.

मी उठले. उरलेला रस्ता दांडीला लोंबकळत काढला. खड्डा आला की मांडीतून कळ जायची. खिडकीबाहेर निसवलेली, कणसं बाहेर पडलेली ज्वारी मैलोगणती उभी होती. आमच्याकडे डोंगर नजर अडवतात. इथे नजर जाते ती जातच राहते. हे सगळं बघत असताना मी खरं तर शकूकडे बघत होते. ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. मला वाटलं, हिला स्वतःच्या जागेसाठी एकदाही तोंड उघडावं लागलं नाही.

ताडकळस

शकू आपल्या आईबरोबर राहते. शकूसारखी मीही तिला मायच म्हणू लागले. सत्तरीकडे झुकलेली, बारीक बाई. चहा पिऊन मी उठले तेवढ्यात ती म्हणाली, “उठताना भिंतीला हात लावलास. किती वर्सं झाली?”

“आठ.”

“माझी नऊ होतील औंदा.” तिनं बाज ओढली, वर गोधडी टाकली. “हो आडवी. लाजू नको. हितं कोण बघायलंय?”

चुलीतली वीट फडक्यात गुंडाळून तिनं माझ्या कमरेखाली सरकवली. आठ वर्षांत न सांगता माझं दुखणं ओळखणारी ती पहिलीच. तिचं कशानं दुखतं हे मी विचारलं नाही. मला माझंच सांगायचं होतं, आणि ती ऐकत होती. शकू आत भाकरीचं पीठ मळत होती. मला वाटलं, हिला घरीही अशी माय मिळाली आहे. सासूबाईंनी गेल्या दिवाळीत पाहुण्यांना सांगितलेलं मला आठवलं, “आमच्या सूनबाईंची पाठ कामाच्या वेळेलाच दुखते.”

जेवायला ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि ठेचा होता. आमच्याकडे भाकरीवर तूप घेतात, इथे करडीचं कच्चं तेल. पहिल्या घासाला तोंड वाकडं झालं, तिसऱ्या घासाला मी तेल आणखी मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी शकूच्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांनी हुरड्याला बोलावलं. मोठे शेतकरी, चांगली बागायत. शेणाच्या गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजून, तळहातावर चोळून, गरमागरम हिरवे दाणे पुढे करायचे, बरोबर तिळाची चटणी. त्याची गोडी साताऱ्याला बसून कळणार नाही. पण हुरडा खायचा तर आगटीभोवती उकिडवं बसावं लागतं, आणि मला ते जमत नाही. शकूसाठी मात्र आधीच एका दगडावर घोंगडं घडी करून ठेवलेलं. ती आरामात बसली. मी उभीच. घरच्या बाई म्हणाल्या, “पाव्हण्या बसत न्हाईत. आमच्या मातीत लुगडं मळंल म्हणून व्हय?” सगळे हसले.

मी हसून साजरं केलं आणि उभ्यानं दाणे खाल्ले. त्या घोंगड्यावर मात्र माझी नजर पुन्हा पुन्हा जात होती.

चारठाणा

शिबिराच्या आदल्या दिवशी आम्ही चारठाण्याला गेलो. शकूला गंगाबाईंना शिबिराचा निरोप द्यायचा होता. गंगाबाई शेतमजूर, चाळिशीच्या. कडबाकुट्टीच्या यंत्रात उजव्या हाताची तीन बोटं गेलेली. त्या रानातून यायला वेळ होता, म्हणून आम्ही देवळं बघितली.

चारठाण्याला देवळं गावात अशी मिसळली आहेत की एखाद्याच्या गोठ्यामागे अचानक कोरीव खांब दिसतो. एक उंच दगडी स्तंभ मोकळ्या जागेत एकटाच उभा आहे. त्याच्या सावलीत बायका शेंगा फोडत बसल्या होत्या. नक्षी इतकी बारीक की दगडाला जाळी विणल्यासारखं वाटतं. मी खुळावले आणि शकू नको म्हणत असताना बारवेच्या पायऱ्या उतरले. उतरले खरी. खाली पाण्याशी वाकून हात धुतला आणि तिथेच लचक भरली. ना उभं राहता येईना, ना बसता.

शकू वरून हाका मारत होती. तिला त्या उंच पायऱ्या उतरता येत नव्हत्या. मला वर येता येत नव्हतं. मी रडत होते, आणि रडतानाही मनात हेच होतं की हीच इथे अडकली असती तर तिला कुणी ‘कशाला उतरलीस’ विचारलं नसतं, मला विचारतील.

इतक्यात गंगाबाई आल्या. सरसर खाली उतरल्या, खांद्यावरचं जुनं पातळ चारपदरी केलं आणि माझ्या कमरेला गच्च आवळलं. गाठ मारताना एक टोक दातात धरलं, एक दोन बोटांत. “श्वास सोडा. आता माझ्या खांद्यावर भार टाका. बांधलं की बरं वाटतंय. मी रानात अशीच जाते.”

वर आल्यावर मी विचारलं, “तुमचीही पाठ दुखते?”

“पाठ न्हाई. बोटं.” त्यांनी हात पुढे केला. “जी न्हाईत ती. थंडीत तर लय. जणू कुणी पिरगाळायलंय.”

मला त्यांची कणव यायला हवी होती. आली. पण तिच्या मागोमाग दुसरा विचार आला: उद्या हा हात टेबलावर ठेवला की दोन मिनिटांत दाखला.

जिंतूर

शिबिर एका शाळेच्या आवारात होतं. सकाळी आठलाच दोनेकशे माणसं. बैलगाडीतून आणलेली, पाठीवर आणलेली, हातावर सरकत आलेली. शकू दाराशी टेबल टाकून अर्ज भरत होती. सगळे तिला बाई म्हणत होते आणि तिनं सांगितलं तिथे बसत होते. कॉलेजात मी तिला वह्या उतरवून द्यायचे. आता मी तिच्या टेबलाशेजारी कमरेला पातळ बांधून उभी होते आणि कुणी मला विचारत नव्हतं.

डॉक्टर माणूस वाईट नव्हता. थकलेला होता. गंगाबाईंचा हात त्यानं उलटासुलटा केला, राहिलेली बोटं वाकवून बघितली, अपंगत्वाच्या टक्क्यांचा आकडा लिहिला. गंगाबाई हलल्या नाहीत.

“डाक्टर, गेलेल्या बोटांचे टक्के लिवले. पण ती दुखतात. त्याचे किती?”

डॉक्टरांनी पेन थांबवलं. “दुखण्याला टक्के नसतात, बाई.”

“कामून?”

“ते मोजता येत नाही.”

“मला येतंय की,” गंगाबाई म्हणाल्या. रांगेतले लोक हसले. त्या हसत नव्हत्या.

मग शकूची फेरतपासणी झाली. तिला चालायला लावलं. ती ताठ चालली. परक्यांसमोर ती नेहमी ताठच चालते. डॉक्टर म्हणाले, “छान चालता तुम्ही.” आणि जुन्या दाखल्यापेक्षा कमी आकडा लिहिला. शकू म्हणाली, “डॉक्टरसाहेब, लहानपणापासून कुबडीवर चालून हा खांदा गेलाय. फळ्यावर लिहायला हात वर जात नाही. रात्री कुशीवर झोपता येत नाही.” डॉक्टर म्हणाले, “अर्ज पायाचा आहे ना?”

त्या क्षणी मला आनंद झाला. लपवत नाही. अगदी क्षणभर, पण झाला. आता हिलाही कळेल, असं वाटलं. तिचा खांदा दुखतो हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं, हे लक्षात यायला थोडा वेळ गेला.

मी तिला म्हणाले, “आता मला आत घे.” ती म्हणाली, “विजू, जरा दम खा. ही माणसं पहाटं निघालीत.” माझा नंबर दुपारी सगळ्यात शेवटी लागला. डॉक्टरांनी पाठीवर दोन ठिकाणी दाबलं, पाय उचलून बघितला, फोटो उजेडात धरला. “फोटोत काही नाही. घरी काही ताण आहे का?” सहावा डॉक्टर.

बाहेर लिंबाखाली शकू पाणी पीत होती. मी तिच्यावर तुटून पडले.

“तू एक शब्द बोलली असतीस तर त्यांनी दाखला दिला असता! पण तुला काय त्याचं? तुला बसमध्ये जागा मिळते. शेतात घोंगडं अंथरतात. तुझ्यामागे मोर्चा आहे, संघटना आहे, माय आहे. तुझ्या दुखण्याला नाव आहे. मला काय आहे?”

शकूनं तांब्या खाली ठेवला.

“त्या घोंगड्यावर माझ्याशिवाय कोण बसलं होतं, बघितलंस?” ती सावकाश म्हणाली. “गोल सगळा आगटीभोवती. माझा दगड चार हात लांब. ते घोंगडं माझ्यासाठी वेगळं ठेवलंय त्यांनी. पायासाठी न्हाई.”

मी ते घोंगडं तासभर बघत होते आणि मला ते अंतर दिसलं नव्हतं.

“आणि माय. अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या दंगलीत आमच्या जुन्या गावात वस्ती पेटवली, तेव्हा सगळे ओढ्याकडं पळाले. मला पळता येईना. पंचवीस वर्षांची घोडी मी. मायनं मला पाठीवर घेतलं आणि चिखलातून पळाली. तिची पाठ तवापासून दुखती. जळालेल्या घराचा पंचनामा झाला, विजू. मायच्या पाठीचा कोण करणार? तिचाही फोटो काढला. फोटोत काही न्हाई.”

लिंबाच्या काड्या तिच्या केसांत पडल्या होत्या. ती पुढे म्हणाली, “आणि खरं सांगू? मला तुझा हेवा वाटतो. तू नवीन गावात जातीस तर आधी तुझं नाव विचारतात. माझा पाय विचारतात, मग जात. नाव शेवटी. तुझं दुखणं तुला लपवता येतं.”

“लपवून कंटाळले मी.”

“आणि मी दाखवून.”

मग तिनं पिशवीतून कोरा ताव काढला आणि मांडीवर पाटी घेऊन लिहायला लागली. अपंग तपासणीच्या अर्जात दुखण्याचाही रकाना असावा, दुखणाऱ्याला विचारल्याशिवाय टक्के लिहू नयेत, एवढीच मागणी. गंगाबाईंनी डाव्या हाताचा अंगठा उठवला. मागोमाग रांगच लागली. चाळीसेक अंगठे झाल्यावर शकूनं ताव माझ्यापुढे धरला. “सही कर.”

वर लिहिलं होतं: ‘आम्ही खाली सह्या करणारे अपंग’.

माझा हात थांबला. ज्या शब्दाच्या दाखल्यासाठी मी एवढ्या लांब आले होते, तोच शब्द आणि त्याखाली माझं नाव. कुणी बघितलं तर? सासरी कळलं तर?

शकूला ते कळलं. “तुला सवलत पाहिजे, नाव नको,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “आमी नावासाठीच भांडायलोत इतकी वर्षं. नाव घेतल्याशिवाय काही मिळत न्हाई गं.”

मी सही केली. पूर्ण नाव लिहिलं, सासरच्या आडनावासकट.

त्या अर्जाला हे लिहीपर्यंत उत्तर आलेलं नाही. परत आल्यावर मी साहेबांना नवा अर्ज दिला आणि त्यात ‘दुखण्यामुळे आलेले अपंगत्व’ असं टाइप केलं. खुर्ची मिळाली नाही. मी मात्र दुपारी रेकॉर्डच्या खोलीत पंधरा मिनिटं सतरंजी टाकून आडवी होते, आणि दार उघडं ठेवते.

येलदरी

शेवटच्या दिवशी आम्ही येलदरीला गेलो. भांडण झाल्यावर माणसं एकमेकांशी जास्तच चांगली वागतात, तशा आम्ही वागत होतो. पूर्णा नदी इथे अडवली आहे. एका बाजूला वीजघराची घरघर, दुसऱ्या बाजूला पाणीच पाणी. त्या कोरड्या मुलखात एवढं पाणी बघून मला आधी ते खरंच वाटेना. धरणाच्या भिंतीवर चढायचा बेत दोघींनीही काढला नाही.

काठाला एक कोळी जाळं वाळत घालत होते. त्यांच्या बायकोनं मरळ मासा लाल तिखटात शिजवून दिला, बरोबर गरम भाकर. आमच्याकडे माशाला सुकं खोबरं लागतंच. इथे भाजलेले तीळ आणि शेंगदाणे वाटून घालतात. मी दोनदा मागून घेतलं.

जेवल्यावर मला बसवेना, आणि शकूचा खांदा सकाळपासून ठणकत होता. पाण्याजवळ एक सपाट, उन्हानं तापलेला खडक होता. आम्ही दोघी त्यावर सरळ उताण्या पडलो. भर दुपारी दोन शिकलेल्या बायका अशा पसरलेल्या बघून कोळी जवळ आले.

“काय झालं बाई? बिमार कोण हाय, तुमी का त्या?”

“दोघीबी,” शकू म्हणाली. “दुखायलंय.”

“मग पडा,” ते म्हणाले आणि जाळ्याकडे परत गेले.

खडकाची ऊब पाठीत उतरत होती. कळ थांबली नव्हती, थोडी बोथट झाली होती. मी शकूला काहीतरी विचारलं, आता आठवत नाही काय. उत्तर आलं नाही म्हणून मान वळवली. कुबडी पोटाशी धरून ती गाढ झोपली होती, तोंड किंचित उघडं.

मला झोप आली नाही. दिवसा मला येतच नाही. मी तशीच पडून तिचा श्वास ऐकत राहिले, आणि तिच्या झोपेचा मला इतका हेवा वाटला की हसू आलं. आठ वर्षांत हा एकच हेवा असा होता, जो ती उठल्या उठल्या मी तिला सांगू शकले.